विनोद वस्तूतूनच निघू दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पंख्याच्या जाहिरातीसाठी पाठवलेल्या तुझ्या स्क्रिप्ट वाचल्या. नवरा-बायकोच्या भांडणाची वाचताना खरंच हसू आलं. पण शेवटी पंखा येतो तिथे मी गादी ठेवून पाहिली, मग चहा पावडर. गोष्ट तशीच चालली, हसूही तेवढंच आलं. म्हणजे तो विनोद पंख्याचा नाही. लोक तो एकमेकांना सांगतील आणि वर विचारतील, "कशाची होती रे ती जाहिरात?" क्लायंटचे पैसे तिथेच बुडाले.

फेविकॉलची अंड्याची जाहिरात आठव. ढाब्यावरचा आचारी अंडं फोडायला जातो, ते काही केल्या फुटत नाही. मग कोंबडी दिसते, फेविकॉलच्या डब्यातले दाणे टिपत असलेली. संपलं. आता तो डबा काढून टाक. अंडं का फुटत नाही, याला उत्तरच उरत नाही. वस्तू गोष्टीच्या शेवटी चिकटवलेली नाही; जे घडलं ते तिच्यामुळेच घडलं.

जाहिरातकार पियूष पांडे आणि ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फेविकॉलसाठी हे वर्षानुवर्षं केलं. बसच्या जाहिरातीत वाळवंटातून खच्चून भरलेली गाडी चाललीय, टपावर आणि बाजूंना माणसं लटकलीत, गाडी खड्ड्यांतून उसळते आणि कुणीही पडत नाही. मागच्या बाजूला फेविकॉलचा फलक दिसतो. संवाद एकही नाही. 2002 साली फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं, कारण ती समजायला राजस्थान पाहिलेलं असायची गरज नव्हती. आणि ही खोटी जाहिरात आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. बेताची अतिशयोक्ती थाप वाटते, अफाट अतिशयोक्तीची गंमत वाटते. वस्तूचा एकच गुण घे आणि तो वेडेपणापर्यंत ताण.

तुझ्या पंख्याचा गुण कोणता? क्लायंटने दिलेल्या ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या टिपणात लिहिलंय, आवाज करत नाही. मग तिथूनच सुरुवात कर. मधुमेह असलेले आजोबा दुपारी सगळे निजले की जुन्या पंख्याच्या घरघरीत लाडवाचा डबा हळूच उघडतात. रोजचंच. एक दिवस नवा पंखा बसतो. आजोबा झाकण काढतात आणि 'टण्ण' आवाजाने अख्खं घर उठून बसतं. इथे गादी किंवा चहा पावडर ठेवून बघ, जमणार नाही.

अमूलचे फलक मात्र रोज पाहत जा. 1966 पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी एक चित्र आणि एक ओळ एवढ्यात गोष्ट सांगते. ते कसं जमतं? अर्धी गोष्ट वाचणाऱ्याने सकाळी पेपरात वाचलेली असते. तुलाही बघणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं काहीतरी शोधायला हवं. दुपारची वामकुक्षी, लपवलेला डबा, डॉक्टरांनी बंद केलेलं गोड: हे कुठल्याही घराला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून वीस सेकंद पुरतात.

एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. कुणाचा रंग, जाडी, बोलण्याची ढब किंवा गरिबी यांवर हशा काढू नकोस. आजोबांच्या आजारावर नाही, त्यांच्या चोरीवर हसायचं. दुसऱ्याच दृश्यात नात त्यांना लाडवाचा छोटा तुकडा देते, असं दाखवायचा मोह होईल. दाखवू नकोस. झाकण वाजलं, घर उठलं, पंखा दिसला की थांब.

क्लायंट म्हणेल, पंखा पहिल्या फ्रेमपासून दिसू दे. जुना पंखा दाखव, घरघरणारा. तो हवाच आहे. पण नव्या पंख्याची माहिती सांगणारा निवेदकाचा आवाज आधी आला तर झाकणाचा आवाज फुकट जाईल, हे त्यांना मीटिंगमध्येच ऐकवून दाखव. टेबलावर खरा स्टीलचा डबा घेऊन जा.

नवा मसुदा घड्याळ लावून मोठ्याने वाच आणि गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका