‘आजन्म मोफत’ कार्डाचं बिल आलं. भरायचं की भांडायचं?

प्रश्न : दिवाळीआधी नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये एका बँकेच्या स्टॉलवर क्रेडिट कार्ड घेतलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘आजन्म मोफत’ आणि ‘नो कॉस्ट ईएमआय, ८,००० × ६’ असं छापलं होतं. ४८,००० चा फोन घेतला. बिलात हप्ता ८,३७८ रुपयांचा लागला, वर १९९ प्रोसेसिंग फी आणि ९९९ वार्षिक शुल्क, दोन्हींवर जीएसटी. विचारलं तर म्हणाले, वर्षात एक लाख खर्च करा, शुल्क माफ होईल. त्या नादात आणखी ३०,००० ची खरेदी झाली, त्यावर मिनिमम ड्यू तेवढा भरतोय. पैसे भरणं थांबवू का? बँकेवर केस होईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भरणं थांबवू नका. भांडण जिंकण्यासारखं आहे, पण थकबाकीदार होऊन ते लढवलंत तर लेट फी, व्याज आणि सिबिलवरचा डाग हे सगळं तुमच्याच अंगावर येईल.

आधी ३०,००० चं बोलतो, कारण खरा पैसा तिथे गळतोय. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ३०,००० वर १,०५० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. म्हणजे १,२३९. मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम, साधारण पाच टक्के, १,५०० रुपये. तुमच्या १,५०० मधून मुद्दल फिटतं जेमतेम २६१ रुपये! शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. त्यामुळे कार्ड वापरणं आजच बंद करा. मोडण्यासारखी एफडी असेल तर मोडा, नाहीतर तीवर कर्ज काढून ही बाकी एकरकमी फेडा. जाहिरातीने मोह पडला म्हणून ही खरेदी कायद्याने रद्द होत नाही, आणि ९९९ वाचवायला आणखी खर्च तर अजिबात करू नका. बहुतेक कार्डांत इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे त्या एक लाखात धरतच नाहीत. ‘व्याजच बेकायदा आहे’ हा मुद्दाही आता चालत नाही. वर्षाला ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

आता हप्ता. १६ टक्के दराने ४८,००० चं सहा महिन्यांचं कर्ज काढलं तर हप्ता ८,३७८ च येतो. म्हणजे तुम्हाला साधं व्याजी कर्ज लावलंय, सहा हप्त्यांत व्याज २,२६८ रुपये. खऱ्या नो कॉस्टमध्ये दुकान किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधीच देते. इथे ती सुमारे २,१६४ रुपये हवी होती, म्हणजे कर्ज ४५,८३६ चं झालं असतं आणि हप्ता बरोबर ८,०००. दुकानाची पावती काढून बघा, सूट दाखवली आहे का. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश सांगतात की मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवलीच पाहिजे, आणि व्याज असलेला ईएमआय नो कॉस्ट म्हणून खपवता येत नाही. व्याजावरचा जीएसटी मात्र खऱ्या नो कॉस्टमध्येही ग्राहकावरच पडतो. तो मागा, पण त्यावर जोर देऊ नका.

वार्षिक शुल्काचा पुरावा तुमच्या पत्रकातच असू शकतो. ते उलटं करा, कडेची बारीक ओळ वाचा. दावा मराठीत आणि ‘अटी लागू’ची ओळ मुंगीएवढ्या इंग्रजीत असेल तर बँकेची बाजू लंगडी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा, आणि दाव्याच्या उलट बोलणारा नको. मोफत कार्डाला छुपं शुल्क लावायला रिझर्व्ह बँकेचीही मनाई आहे. पत्रकाचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून ठेवा. अर्जाबरोबर एक पानी मुख्य माहितीपत्रक द्यायचं असतं, ते मिळालं नसेल तर तसं तक्रारीत लिहा.

पुढची बिलं ‘निषेध नोंदवून भरतो’ असा ई-मेल करून भरा. त्याच ई-मेलमध्ये परतावा मागा: व्याज २,२६८, वार्षिक शुल्क जीएसटीसह १,१७९, एकूण ३,४४७. प्रोसेसिंग फीचे २३५ पत्रकात तिचा उल्लेख नसेल तरच जोडा. फोनवर बोलून भागवू नका, तक्रार क्रमांक घ्या. वाद मिटेपर्यंत त्या रकमेची थकबाकी सिबिलला कळवू नये, असा निर्देश आहे. तोही ई-मेलमध्ये नमूद करा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, मदतीला १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानाने सूट खाल्ली असेल तर लोकपाल दुकानाला हात लावू शकत नाही. तेव्हा बँक आणि दुकान दोघांना प्रतिवादी करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही इथे राहता, त्यामुळे बँकेचं मुख्यालय कुठेही असो, तक्रार इथेच चालते. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. एकाच वादासाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका, लोकपाल तक्रार परत करतो.

स्टॉल अजून उभा असेल तर जाहिरातीविरुद्ध वेगळी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर द्या. त्यातून तुमचे पैसे परत येतीलच असं नाही, पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात बंद करायला लावून दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं.

सगळी बाकी फिटली की कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँक तुम्हाला देणं लागते.