सरासरीवर साठा ठरवलात तर लाइन थांबणारच

तुम्ही लिहिलंय की भागांची रोजची मागणी कधी ६० नग तर कधी १४०, वरून 'जेआयटी (जस्ट इन टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच माल आणायचा) म्हणजे झिरो स्टॉक' असा साहेबांचा हट्ट, आणि माल नाही म्हणून महिन्यातून दोनदा कारखान्याची लाइन उभी. वाचून जुने दिवस आठवले.

 मी फसलो ते लीड टाइममध्ये, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतच्या दिवसांत. सिस्टिममध्ये परचेसनं '१० दिवस' भरून ठेवले होते, मी ते वेदवाक्य मानलं. रोजची सरासरी मागणी १०० नग, प्रमाण विचलन (सरासरीच्या वरखाली होणारा साधारण चढउतार) ३०. त्या ३० ला १० दिवसांच्या वर्गमुळानं आणि ९५ टक्के भरवशासाठी १.६५ ने गुणून सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, आला १५७. छान वाटलं. पुढचे चार महिने रोज शिव्या खाल्ल्या.

शेवटी स्टोअरच्या आवक नोंदी काढून बसलो. माल कधी सहाव्या दिवशी, कधी सोळाव्या. लीड टाइमचंच विचलन ४ दिवसांचं. ते धरलं की तोच आकडा जातो ६७८ वर! म्हणजे आम्ही मागणीच्या चढउताराला दोष देत होतो आणि खरा चोर सप्लायरच्या गाडीत बसला होता. परचेसला तारखा दाखवल्या तर उत्तर आलं, "करारात दहाच दिवस आहेत." करार काय लाइनवर बसवायचा?

म्हणून आधी गेल्या ३०-४० आवकांच्या खऱ्या तारखा काढा, कराराच्या नव्हे. ६७८ नग ठेवणं हा इलाज नाही, ती दिरंगाईची किंमत आहे. ती रुपयांत मांडून साहेबांपुढे ठेवा. विचलन ४ वरून १ दिवसावर आलं तर २२७ नगांत भागतं. माझ्या मते सप्लायरकडून लवकर माल मागण्यापेक्षा ठरल्या दिवशी माल मागणं जास्त फायद्याचं.

सेफ्टी स्टॉकचं हे सूत्र नेहमी लागणाऱ्या भागांसाठी. महिन्यातून एकदा हलणाऱ्या भागाला लावू नका. आणि माल नसल्यामुळे ज्या दिवशी खप शून्य दिसतो, तो दिवस मागणीच्या हिशोबातून वगळा. नाहीतर सरासरी खोटी खाली येते.

'झिरो स्टॉक'वाल्यांना एवढंच सांगा: जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर जेआयटी ज्यांनी सुरू केलं त्या खुद्द टोयोटानं पुरवठादारांना चिप्सचा २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला. आमच्याकडे हे सांगूनही कुणी ऐकलं नव्हतं, तुमचं नशीब बरं असो.