मुंडा बिडी ३८ मिमी टायरवर जमेल का?

एप्रिलअखेर पर्थला मुलीकडे येताय आणि मुंडा बिडी या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जंगलातून जाणाऱ्या लांब सायकलवाटेचा मुंडरिंग ते ड्वेलिंगअप हा टप्पा हायब्रिड सायकलवर, ३८ मिमी टायर आणि सामानासकट करायचाय, असं तुम्ही विचारलंय. टायर बदला आणि जरूर करा. मी पहिल्यांदा ३८ वरच गेलो होतो, म्हणून सांगतोय.

इथला रस्ता आपल्या मुरमासारखा नाही. मुरूम दाबला की बसतो. इथे कडक जमिनीवर तपकिरी, गोल, वाटाण्याएवढे खडे सुटे पसरलेले असतात. नावही 'पी ग्रॅव्हल'. आमच्या रत्नागिरीकडे सड्यावर जो जांभा असतो, त्याच कुळातला हा दगड. चाकाखाली छर्रे आल्यासारखं वाटतं. उतारावर वळताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरळ बाजूला गेलं. तळहातात रुतलेली कच रात्री टॉर्चच्या उजेडात सुईने काढत बसलो होतो.

किमान ५० मिमी टायर घ्या, हवा कमी ठेवा. वेग वळणाआधीच कमी करा, वळणात ब्रेक नको. हँडल घट्ट धरू नका, पुढचं चाक थोडं हलणारच, हलू द्या. खडे उताराच्या तळाशी आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साचतात. गाड्यांच्या चाकोरीत जमीन त्यामानाने स्वच्छ मिळते. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जाणारे पट्टे लागले की चढ एकदम सौम्य होतो. तिथे खरी मजा आहे: तासन् तास माणूस नाही, दोन्ही बाजूंना जॅराची उंच झाडं आणि वर मॅरीच्या झाडांची कठीण फळं कडाकडा फोडणारे काळे काकाकुवे.

एक कळकळीची विनंती. वाटेत टायर आणि बूट घासायची ठिकाणं लागतील, तिथे दरवेळी थांबा. फायटॉफ्थोरा नावाचा मातीतला रोग इथल्या झाडांची मुळं कुजवतो आणि ओल्या चिखलातून चाकाबरोबर पुढे जातो. जॅरा आणि बँक्सिया उभ्याच्या उभ्या वाळलेल्या मी पाहिल्यात. त्याला औषधाने जंगलातून हटवता येत नाही. घरून निघतानाच सायकल धुऊन, वाळवून आणा.

मुक्कामाला एकेक दिवसाच्या अंतरावर हट आहेत: झोपायला फळ्यांचे ओटे, संडास, पावसाच्या पाण्याची टाकी. पैसे पडत नाहीत. पण एप्रिलअखेर म्हणजे कोरड्या उन्हाळ्याचा शेवट, टाकी भरलेली असेलच असं धरू नका. मी माणशी ४ लिटर घेऊनच निघतो आणि पाणी उकळून पितो. शेकोटी नको, गॅसचा छोटा स्टोव्ह आणा. निघायच्या आदल्या दिवशी वाट बंद आहे का तेही बघा, कारण वणवे टाळायला वनखातं इथल्या शरद ऋतूतही, म्हणजे मार्च ते मे दरम्यान, ठरवून आग लावतं. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही, त्यामुळे एकटे जाणार असाल तर पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारा छोटा ट्रान्समीटर, हवाच.

ड्वेलिंगअपहून पर्थला नेहमीची लोकल नाही. अंतर साधारण १०० किमी. मुलीला सायकल रॅक लावून गाडी घेऊन यायला आधीच सांगून ठेवा.