टेक्सासमधल्या नव्या ‘टॉर्मेंटा’ रोलर कोस्टरची गाडी कड्यावर कशी थांबवून धरतील? साखळी तुटली तर?

तुमचा प्रश्न सिक्स फ्लॅग्स ओव्हर टेक्सास या आर्लिंग्टनच्या पार्कने 2026 साठी जाहीर केलेल्या ‘टॉर्मेंटा रॅम्पेजिंग रन’बद्दल आहे. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबिलार्ड, म्हणजे खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो जिने बनवली तीच. त्यामुळे अंदाज बांधायला भरपूर आधार आहे.

जाहीर आकडे असे: उंची 309 फूट (94 मीटर), पहिली उडी 285 फूट (87 मीटर) आणि तीही 95 अंशांत (म्हणजे उभ्या रेषेच्याही 5 अंश आत झुकलेली), वेग ताशी 140 किमी, ट्रॅक सुमारे 1,280 मीटर.

आधी तो कडा. गाडी कड्यावर थांबवून सरळ खाली सोडणाऱ्या अशा कोस्टरला डाइव्ह कोस्टर म्हणतात. पहिला याच कंपनीने 1998 मध्ये इंग्लंडच्या आल्टन टॉवर्सला उभारला. चढावर मोठी साखळी गाडीखालच्या हुकाला धरून वर नेते. माथ्यावर गाडी ती साखळी सोडते, सावकाश पुढे सरकते आणि माझ्या अंदाजाने दुसऱ्या, आखूड साखळीच्या ताब्यात जाते. ही साखळी गाडीला ओढत नाही, पुढे पळू देत नाही. तिच्या मोटरचा वेग कमी करत गाडी कड्यावरून थोडी खाली उतरवायची, तीन-चार सेकंद थांबवायची, मग सोडून द्यायची. पुढच्या रांगेतले लोक तेव्हा अक्षरशः पट्ट्यावर लोंबकळत असतात.

हे थांबणं निव्वळ भीती घालायला नसतं. दर वेळी गाडी जवळजवळ शून्य वेगाने सुटली, तर खालच्या प्रत्येक वळणावर वेग किती असेल ते आधीच नेमकं मांडता येतं.

आता गणित. 87 मीटर घर्षणाशिवाय पडलं तर वेग ताशी 149 किमी निघतो. जाहीर 140 आहेत. मधले 9 चाकांनी आणि हवेने खाल्ले. शिवाय पुढची रांग तळाला पोचते तेव्हा मागची अजून वर असते.

तळाच्या वळणावर शरीराला साधारण 4 जी (आपल्या वजनाच्या चौपट) इतकाच दाब सोसवायचा असं धरलं, तर 140 च्या वेगाला वळणाची त्रिज्या 50 मीटरच्या आसपास लागते. म्हणजे 87 पैकी अर्ध्याहून जास्त उंची वळण काढण्यातच जाणार. वर वेग कमी असतो म्हणून तिथे वळण थोडं आवळता येईल, पण माथ्यावरचं वळणही वजा करा. खरा सरळ भाग माझ्या मते 30 मीटरच्या आसपास, वेळ सव्वा ते दीड सेकंद. ‘285 फूट सरळ खाली’ ही जाहिरातीची भाषा झाली.

आणि ते 90 वरचे 5 अंश? त्या सरळ भागात वजनाचा साधारण 9 टक्के जोर आसनापासून बाहेर ढकलतो. 60 किलोच्या माणसाला पट्ट्यावर पाचेक किलो. मोजायला किरकोळ, पण आतड्यांना चांगलं समजतं!

पुढे 218 फुटी इमेलमन आहे, म्हणजे अर्धा लूप घेऊन वरच सरळ होणारं वळण. तिथे माथ्यावर, तळाचे 140 धरून पुढचं घर्षण बाजूला ठेवलं तरी, ताशी 68 किमीच उरतात. त्यानंतरच्या 179 फुटी लूपचा माथा म्हणूनच अरुंद आणि पायथा रुंद ठेवावा लागेल. पूर्ण गोल केला तर तळाला माणसं चेपतील आणि माथ्यावर दाबच उरणार नाही.

साखळी तुटली तर? चढाच्या कडेने दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचे खटके तिच्यावर टकटक वाजत अडकत जातात. गाडी फार तर काही इंच मागे येते आणि तिथेच बसते. माणसांना मग बाजूच्या जिन्याने उतरवतात, जे 94 मीटरवरून अजिबात मजेचं नाही.

खरी डोकेदुखी हवामानाची. थंडीत वंगण घट्ट होतं, पॉलियुरेथेनची चाकं कडक होतात आणि रिकामी गाडी दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकू शकते. मग क्रेन आणि अख्खा दिवस. टेक्सासच्या उन्हाळ्यात उलट: चाकाचं आवरण तापून सोलवटतं, म्हणून चाकांचे जादा संच तयार ठेवावेच लागतात. एवढ्या उंचीवर वारा वाढला की राइड बंद, त्यात वाद नाही.

शेवटी गाडी थांबवायला चुंबकी ब्रेक असतील असं मला वाटतं. त्यांचा जोर वेगावर अवलंबून असतो, म्हणून ते वेग खूप कमी करतात पण गाडी जागच्या जागी धरू शकत नाहीत. तिथे घर्षणाचा ब्रेक लागणारच. आणि ट्रॅकवर एकापेक्षा जास्त गाड्या चालवायच्या तर प्रत्येक टप्प्यावर पुढची गाडी निघून गेल्याशिवाय मागची सोडायची नाही, हा ब्लॉकचा नियम संगणक पाळतो.

चाचणीचे व्हिडिओ आले की दोन गोष्टी बघा. पाणी भरलेले पुतळे बसवलेली गाडी कड्यावर धक्का न देता थांबते का, आणि लूपनंतर मध्येच वेग मारणारा ब्रेक आहे का. तो ब्रेक दिसला तर उरलेली राइड जाणूनबुजून मऊ ठेवलीय असं समजा.