म्हातारं मांजर जेवेनासं झालं तर

‘भूक लागली की खाईल’ म्हणत वाट बघू नकोस. २४ तास काहीच खाल्लं नाही तर सरळ डॉक्टर गाठ. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त.

या वयात दुखणं अनेकदा दातांत नाहीतर मूत्रपिंडात असतं, त्यामुळे रक्ततपासणी सांगितली तर टाळू नकोस. तोवर उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला बांगडा कोमट करून दे. म्हाताऱ्या नाकाला गार अन्नाचा वास नीट येत नाही. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. सिरिंजने बळेच भरवलंस तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि घरातलं पॅरासिटामॉल? एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, शेजारच्या काकू काहीही सांगोत.

पाणी पितंय का, शी-शू होतेय का, हे लिहून ठेव. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.