डोंगरपायथ्याच्या घराचा गिलावा पुन्हा पुन्हा का फुगतो?

प्रश्न : ठाण्यात उपवन तलावाजवळ, येऊरच्या पायथ्याशी आमचा जुना बंगला आहे. दर पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा फुगतो, आतून रंगाच्या खपल्या पडतात आणि पांढरा लोणा दिसतो. दोनदा गिलावा काढून नवा केला, वर जलरोधक रंगही दिला. तरी काही वर्षांत तीच अवस्था होते. आता संपूर्ण भिंत नव्याने करून घ्यावी का?

उत्तर : इतक्यात तसा निर्णय घेऊ नये. आपण दोन्ही वेळा गिलावा बदललात. पाणी भिंतीत शिरते कोठून, याचा शोध मात्र घेतला गेल्याचे आपल्या पत्रातून दिसत नाही. येऊरचा डोंगर ठाणे शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे दुपारनंतरचे ऊन लवकर डोंगराआड जाते, भिंतीवर झाडांची सावली राहते, आणि पावसाची झडही बहुधा त्याच बाजूने येते. त्यामुळे जी भिंत सर्वाधिक भिजते तीच सर्वांत उशिरा वाळते. अशा भिंतीवर पाणी अडवणाऱ्या रंगाचा जाड थर दिला, की एखाद्या बारीक भेगेतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते गिलाव्याला व रंगाला भिंतीपासून सोडवू लागते.

म्हणून पहिले काम भर पावसात उभे राहून पाहण्याचे आहे. गच्चीच्या कठड्याचा माथा कोणत्या बाजूला उतरता आहे, छज्जाचे पाणी कडेवरून सुटते की खालून वळून भिंतीला लागते, पालापाचोळ्याने पन्हळ तुंबली आहे का, खिडकीच्या चौकटीभोवती फट आहे का, हे सर्व त्या वेळी स्पष्ट दिसते. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, पाणी तोडणारी खाच नसेल तर ती करून घ्यावी. खर्च अल्प असतो आणि भिंत कितीतरी कमी भिजते. ओल जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच असेल, तर डोंगराकडची माती भिंतीला टेकली असण्याची शक्यता मोठी आहे. ती माती जोत्याच्या पातळीखाली किमान १५ सेंटीमीटर उतरवावी आणि भिंतीलगत उताराचे पक्के गटार काढावे, नाहीतर वरचा कोणताही गिलावा टिकणार नाही. आतली ओल झिरपण्याची आहे की खोलीतील दमट हवेची, याबद्दल शंका असेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला आले तर हवेतली.

डागडुजीचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम, कारण तोवर भिंत आतून बरीच वाळलेली असते आणि उन्हाचा कडाकाही नसतो. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जावे. जेथे पोकळ आवाज येईल तेवढाच भाग, कडा चौकोनी कापून, विटेपर्यंत काढावा. घट्ट बसलेला गिलावा उगाच फोडू नये. विटांचे सांधे खरवडून, लोणा कोरड्या ब्रशने झाडून (पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीतच मुरतात), मगच भिंत ओली करावी. वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकावी, कारण दोन्हींचे आकुंचन-प्रसरण सारखे नसते आणि भेग नेमकी तेथेच पडते. पहिला थर एक भाग सिमेंटला चार भाग वाळू या प्रमाणात, १२ ते १५ मिलिमीटरचा, आणि तो खडबडीत करून घट्ट झाल्यावर दुसरा पातळ थर द्यावा. सिमेंट जास्त घातले की काम मजबूत होते, ही समजूत चुकीची आहे. जास्त सिमेंटचा गिलावा जास्त आकसतो आणि त्यावर जाळीदार भेगा उठतात.

वाळूबाबत मी विशेष आग्रह धरतो. खाडीतील रेती न धुता वापरली तर तिच्यातील मीठ गिलाव्यात जाते. त्याने लोणा तर येतोच, शिवाय आतल्या लोखंडी सळयांना गंज चढतो. आपल्या भिंतीचा लोणा दरवेळी परत येण्यामागे हेही कारण असू शकेल. धुतलेली किंवा गिलाव्यासाठीची कृत्रिम वाळू घ्यावी, आणि कंत्राटदाराचा शब्द पुरेसा न मानता ती स्वतः पाहावी. कामानंतर किमान सात दिवस पाणी मारावे. रंगाची घाई करू नये. चार आठवडे थांबून, वाफ बाहेर जाऊ देणारा बाह्य रंग निवडावा.

खांब किंवा तुळई यांच्या रेषेत तपकिरी डाग अथवा उभी भेग असेल, तर तो विषय गिलाव्याचा राहत नाही. सळई गंजून फुगली आहे असे समजून प्रथम संरचना अभियंत्याला दाखवावे.

प्रश्न : आम्ही नवी मुंबईत राहतो. महाबळेश्वरला आमचे जांभ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले वडिलोपार्जित घर आहे. बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतल्यापासून आतल्या खोल्या अधिक दमट वाटतात. हे कशामुळे?

उत्तर : आपला अनुभव योग्य आहे. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतोच. चुन्याचा मऊ गिलावा ते पाणी उघडीप मिळताच हवेत सोडत असे, तर सिमेंटचा कठीण थर ते आत कोंडतो आणि ओल घराच्या बाजूने बाहेर येते. सिमेंटचा जो भाग सुटत चालला आहे तो हलक्या हाताने काढून तेथे चुना व वाळू एकास तीन या प्रमाणात, पातळ थरांत लावावी. जो भाग दगडाला पक्का चिकटला आहे तो छिन्नीने ओढल्यास जांभ्याचे कपचे निघतात, म्हणून तो तूर्त राहू द्यावा. चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून हे काम पावसाळा संपताच सुरू करून मार्चपर्यंत उरकावे आणि प्रत्येक थराला पुरेसा अवधी द्यावा. पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूच्या भिंतींना गवताचे किंवा झावळ्यांचे आवरण बांधण्याची जुनी पद्धतही अवश्य पाळावी. मात्र आवरण आणि भिंत यांत वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळती राहील.