गाडीनं उडवलेल्या कुत्र्यावर 3,000 रुपयांत उपचार होतील का?

तुम्ही लिहिलंय की घरच्या गावठी कुत्र्याला मोटारसायकलनं उडवलं, मागचा पाय मांडीपासून लोंबतोय, हातात 3,000 रुपये आहेत आणि प्लेट टाकायचा आकडा ऐकून घाम फुटलाय. पैसे देणारी संस्था आहे का, असंही विचारलंय. संस्थेचं नंतर बघू. आधी तो पाय विसरा.

मोडलेल्या मांडीमुळे कुत्रं सहसा त्या रात्री दगावत नाही. दगावतं ते छातीत हवा साठून, पोटात रक्तस्राव होऊन, नाहीतर मूत्राशय फुटून. यातलं बाहेरून काहीच दिसत नाही, पाय मात्र दिसतो. म्हणून माणसं सगळे पैसे पायावर लावतात आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं जातं.

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. मग पंधरा सेकंद छातीचे श्वास मोजा आणि चारनं गुणा. शांत पडलेल्या कुत्र्याचे मिनिटाला दहा ते तीस असतात. चाळिशीच्या वर असतील, हिरडी पांढरी असेल किंवा पोट फुगत असेल, तर सकाळची वाट बघू नका. लघवीवर लक्ष ठेवा, पण एकदा झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. फुटलेल्या मूत्राशयातूनही थोडी बाहेर येते. दोन दिवसांत उलट्या आणि सुस्ती सुरू झाली तर तो संशय आधी घ्यायचा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून पाच-दहा मिनिटं धरा, मधे उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, कॉफी, चुना काही नको, ते काढण्यातच डॉक्टरांचा अर्धा वेळ जातो. जखम धुवायला सलाईनची बाटली. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. न्यायचं ते फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर. तोंड ओढणीनं बांधायचं: नाकावर वेढा, हनुवटीखाली गाठ, टोकं कानामागे. श्वास लागलाय किंवा उलटी होतेय तर मात्र बांधायचं नाही. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

आणि आता ज्यावर मी लोकांशी वर्षानुवर्षं भांडतो ते: घरातली वेदनाशामक गोळी. ‘अर्धीच दिली’ म्हणतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात, मूत्रपिंड निकामी करतात. रक्त गेलेल्या कुत्र्यात मूत्रपिंडाला रक्तपुरवठा आधीच कमी असतो, तिथे अर्धी गोळीही भारी पडते. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक 2006 साली बंद झालं ते मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांना वाचवायला, पण म्हणून ‘कुत्र्याला चालतं’ हा युक्तिवाद मला ऐकवू नका. शिवाय एकदा ही गोळी पोटात गेली की डॉक्टरांना त्या गटातलं योग्य औषधही देता येत नाही.

पट्टीचंही तसंच. लाकडी फळी फक्त गुडघ्याखालच्या मोडीला. बांधणी मोडीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरणारी लागते. मांडीला ते जमत नाही; पट्टी मोडीपाशीच संपते आणि तिचं वजन लोलकासारखं हाड हलवत राहतं. तुमच्या कुत्र्याला काहीही बांधू नका, छोट्या जागेत निजवा.

पैशांचं गणित इथूनच सुरू होतं. पहिल्या दिवशी फक्त जीव: सलाईन, वेदनेचं इंजेक्शन, गरज पडली तर ऑक्सिजन. एक्स-रे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हाडाचं ऑपरेशन आठवड्याभरात. डॉक्टरांच्या दारातच सांगा, माझ्याकडे 3,000 आहेत, आज कशाशिवाय चालणार नाही? लाजून गप्प बसलात तर बिल आल्यावर बोलावंच लागेल. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे प्रतिजैविक जनऔषधी केंद्रातही मिळतं, फक्त मात्रा डॉक्टरांची. साखरविरहित सिरप नको, त्यात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी.

ऑपरेशनसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा: परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर. खासगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त दिवसाच्या वेळेत जा आणि रांग धरा. परळला त्याच आवारात साकरबाई पेटिट धर्मादाय रुग्णालयही आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ‘फक्त गुरं बघतात’ ही अफवा आहे, कुत्रंही बघतात. एक्स-रे मात्र बऱ्याच ठिकाणी नसतो. 1962 या जनावरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून बघा, पण रात्री त्यावर विसंबू नका.

प्लेट परवडत नसेल तर सळई घालून होईल का विचारा. तेही नाही जमलं तर पाय काढणं. नाक मुरडू नका. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, मागचा एक गेला तरी ते धावतं. कंबरेचं हाड मोडलं असेल आणि खुब्याचा सांधा शाबूत असेल, तर सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात ठेवूनही अनेकदा भागतं.

संस्था? बहुतेक भटक्यांसाठी असतात, त्याही रोख देत नाहीत, कुत्रं दाखल करून घेतात. घरचं कुत्रं भटकं म्हणून खपवू नका, खऱ्या भटक्याची जागा जाते.

दोन गोष्टी राहिल्या. हाड कातडीबाहेर आलं असेल तर वरचं आठवड्याचं गणित लागू नाही: ते आत ढकलू नका, सलाईननं भिजवलेल्या गॉजनं झाका आणि काही तासांत प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. आणि तोंड बांधताना तुम्हाला चावलं, तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या, फुकट असते.